काळ्या दगडाची भिंत ओली का राहते? मुंबई उच्च न्यायालयाची इमारत आणि तिच्या पिढीतल्या कचेऱ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुंबई उच्च न्यायालयाची इमारत समुद्रकाठच्या पावसात दीडशे वर्षांच्या आसपास उभी आहे. त्याच काळात बांधलेल्या आमच्या तालुक्याच्या दगडी कचेरीच्या दरजा (दगडांमधले सांधे) मात्र काही वर्षांपूर्वी सिमेंटने भरल्या, आतून सिमेंटचा गिलावा केला, वर ऑइलपेंट दिला, तरी दर पावसाळ्यात आतल्या भिंतींना ओल येते, पोपडे सुटतात, पांढरा लोणा (क्षारांची भुकटी) दिसतो. असे का होते आणि दुरुस्ती कोणत्या क्रमाने करावी?

उत्तराचा गाभा आधीच सांगतो. ओल सिमेंट लावूनही राहिली असे नाही, बहुतेक ठिकाणी ती सिमेंटमुळेच राहिली आहे. हे पटायला अशी इमारत पाण्याच्या बाजूने पाहावी लागते: पाणी कुठे पडते, कुठून उतरते, भिंतीत कुठून शिरते आणि कुठून बाहेर पडते. टोकदार कमानी, मनोरे, कोरीव नक्षी यांचे कौतुक जरूर करावे, पण त्या काळच्या अभियंत्यांनी खरी बुद्धी खर्च केली ती पावसावर आणि उन्हावर.

आधी उच्च न्यायालयाचेच पाहू, कारण तिथे ही रचना मोठ्या आकारात आणि स्पष्ट दिसते. किल्ल्याचे तट 1860च्या दशकात पाडल्यावर मोकळ्या झालेल्या पट्ट्यात, समुद्राकडे तोंड करून सरकारी इमारतींची रांग उभी राहिली. कर्नल हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स यांचे जुने सचिवालय 1874मध्ये पूर्ण झाले. आज तिथे शहर दिवाणी व सत्र न्यायालय भरते. उच्च न्यायालयाचा आराखडा कर्नल जेम्स ऑगस्टस फुलर यांचा. काम 1871च्या एप्रिलमध्ये सुरू झाले, नोव्हेंबर 1878मध्ये संपले आणि 10 जानेवारी 1879 रोजी न्यायालय तिथे पहिल्यांदा बसले. लांबी 562 फूट, रुंदी 187 फूट, मधला मनोरा 175 फूट. खर्च सुमारे साडेसोळा लाख रुपये, तोही मंजूर रकमेच्या आत. पश्चिमेच्या मुख्य कमानीच्या दोन्ही बाजूंना 120 फुटी अष्टकोनी मनोरे आहेत आणि त्यांच्या माथ्यावर न्याय आणि दया यांचे पुतळे. 2018मध्ये ओव्हल मैदानाभोवतीचा हा सगळा समूह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला.

आता भिंत. बाहेरून अखंड काळा दगड दिसतो म्हणून भिंत आरपार घडीव दगडाची असेल असे वाटते. तसे नाही. आत डबर (ओबडधोबड दगडांचे तुकडे) आणि चुना, आणि दर्शनी बाजूला निळसर काळ्या बसाल्टचे कमी उंचीचे थर, अशी ही रचना आहे. तुमच्या कचेरीची भिंतही बहुधा तशीच असेल: बाहेर घडीव किंवा खांडकीचा थर, आत दुसरा ओबडधोबड थर, मध्ये डबराची भर आणि सगळ्याला धरणारा चुना. ठरावीक अंतरावर आडवे घातलेले लांब दगड दोन्ही थरांना बांधून ठेवतात.

चांगला बसाल्ट पाणी जवळजवळ पीत नाही. वजनाच्या एका टक्क्याहूनही कमी पाणी तो शोषतो. म्हणजे भिंतीवर पाऊस आपटला की दगडावरचे पाणी ओघळून दरजेपाशी येते आणि आत शिरते ते दरजेतूनच. बाहेर पडायलाही तेवढीच वाट. दर्शनी भागाचा तो अगदी लहान हिस्सा, पण भिंतीचा सगळा श्वास त्याच्यावर चालतो. दरज चुन्याची असेल तर पावसात ती थोडे पाणी घेते आणि उघडीप मिळाली की वाऱ्याउन्हाने ते परत देते. दोन-तीन फूट जाड भिंतीत ते पाणी आतल्या बाजूपर्यंत पोचण्याआधीच परतीच्या वाटेला लागते.

सिमेंटची दरज घट्ट असते, पण ती बसाल्टला कायमची चिकटून राहत नाही. सुकताना ती आकसते, उन्हात दगड आणि सिमेंट वेगवेगळ्या मापाने हलतात आणि दोहोंमध्ये केसाएवढी फट पडते. एवढ्या बारीक फटीतून पाणी ओढीने आत जाते. बाहेर मात्र त्याला वाफ होऊनच जावे लागते आणि वाफेला पुरेशी वाट सिमेंट देत नाही. चार महिन्यांत भर पाण्याने भरते, आणि मग पाणी जिकडे वाट सापडेल तिकडे म्हणजे खोलीच्या बाजूला निघते. तिथेही तुम्ही सिमेंटचा गिलावा आणि ऑइलपेंट लावला आहे. त्यामागे पाणी साठते, त्यातले क्षार रंगाच्या पाठीशी स्फटिक होऊन वाढतात आणि रंग पोपड्यांनी सुटतो. पांढरी भुकटी दिसते तो हाच लोणा. समुद्राजवळ त्यात मुख्यतः मीठ असते. आतल्या तालुक्यांत जमिनीतले, जुन्या मोऱ्यांचे आणि खुद्द सिमेंटमधलेही क्षार असतात. वर्षानुवर्षे हे चालले की आतला चुना हळूहळू धुपतो, भर बसते आणि दर्शनी थर पोट काढू लागतो. पोट आलेली भिंत ही रंगाची तक्रार राहत नाही, ती सुरक्षेची बाब होते.

तुलनेने पोरबंदरी दगडाची गोष्ट उलटी. उच्च न्यायालयात आरपार जाणारी छतकमानींची मार्गिका पोरबंदरच्या दगडात आहे आणि अष्टकोनी मनोऱ्यांवरचे पांढरे कळसही त्याचेच. हा सच्छिद्र चुनखडक. पाथरवटाच्या टाकीला (छिनीला) मऊ लागतो, म्हणून कोरीवकामाला निवडला. तो पाणी पितो, आणि त्याच्या भोवती कठीण सिमेंट भरले की दरज शाबूत राहून दगडच कडेने झिजत जातो. मार्गिकेत तो सावलीत सुखरूप असतो. 120 फुटांवर वारा-पाऊस-खारी हवा थेट खाणाऱ्या कळसांना मात्र सतत देखरेख लागते. तुमच्या कचेरीत कोरीव कमानपट्टी किंवा कठड्याला फिक्या रंगाचा मऊ दगड असेल तर त्याचा चुना काळ्या दगडापेक्षा वेगळा, अधिक मऊ ठेवावा लागेल, हे अंदाजपत्रकातच लिहा.

दुरुस्तीला हात लावण्याआधी ओल कुठली आहे ते ठरवा. एक पावसाळा नुसते निरीक्षण करणे हा वेळेचा अपव्यय नव्हे. प्रत्येक खोलीच्या भिंतीवर डागाची कड पेन्सिलीने आखून तारीख लिहा आणि जवळच्या पर्जन्यमापकाची रोजची नोंद शेजारी ठेवा. जोराच्या सरीनंतर तासा-दोन तासांत डाग वाढत असेल तर पन्हळ, पाण्याचा पाईप किंवा फुटलेली दरज. पाऊस थांबल्यावर दिवसाने-दोन दिवसाने वाढत असेल तर छपराखालून भिंतीच्या माथ्यात उतरलेले पाणी. जमिनीपासून साधारण मीटरभर उंचीपर्यंत सलग पट्टा आणि त्याच्या वरच्या कडेला लोण्याची रेघ असेल तर ती जमिनीतून चढलेली ओल. आणि मे महिन्यातही डाग ओलाच असेल तर पावसाचा संबंध नाही. मागे संडासाची लाईन, टाकीचा पाईप किंवा एसीचे ठिबकणारे पाणी शोधा. भिंतीला टोचून आकडा दाखवणाऱ्या विजेच्या मीटरवर विसंबू नका. क्षार असलेल्या कोरड्या भिंतीलाही तो ओली म्हणतो. खात्री हवी असेल तर दरजेत वेगवेगळ्या खोलीवर छिद्र पाडून भुकटी काढा आणि कार्बाइडच्या बाटलीत किंवा वजन करून, भट्टीत वाळवून पाणी मोजा. खोल गेल्यावर ओल वाढत असेल तर पाणी भरीत आहे. पृष्ठभागावरच जास्त असेल तर खोलीतल्या दमट हवेचे पाणी भिंतीवर जमते आहे.

क्रम नेहमी वरून खाली. छप्पर, मग पन्हळी आणि पाईप, मग भिंतीचा माथा आणि छज्जे, मग दरजा, शेवटी जोते आणि भोवतालची जमीन. आतला गिलावा सगळ्यात शेवटी. निविदेत नेमके उलटे होते: साहेबांच्या दालनाचा रंग आधी आणि पन्हळ पुढच्या वर्षी. तो पैसा पाण्यातच जातो.

छपरावर मंगलोरी कौले असतील तर फुटकी बदलण्याआधी रिपा तपासा. रिप वाकली की कौलाची खाच सुटते आणि वाऱ्याच्या पावसात पाणी उलटे आत ढकलले जाते. दोन उतार मिळतात तिथली पन्हळ हा सगळ्यांत मोठा शत्रू. हिशोब करून पाहा: तासाला 100 मिलिमीटर पाऊस पडत असेल तर 100 चौरस मीटर छपरावर तासाला 10 घनमीटर, म्हणजे सेकंदाला पावणेतीन लिटरहून जास्त पाणी येते. कोकणात अशी सर काही मिनिटांसाठी दर वर्षी येते. पन्हळीत पालापाचोळ्याचा एक गोळा अडकला की हे सगळे पाणी भिंतीच्या माथ्यात जाते, आणि तो माथा बहुतेक ठिकाणी नुसत्या डबर-चुन्याचा असतो. म्हणून पन्हळ साफ करायला सुरक्षितपणे पोचता येईल अशी कायमची वाट करून ठेवणे हे कितीही महागड्या लेपापेक्षा उपयोगी काम आहे. मे अखेर एकदा, जुलैत एकदा आणि ऑगस्टच्या शेवटी एकदा सफाई. झाडे जवळ असतील तर दर पंधरवड्याला.

बिडाचे पाईप काढून पीव्हीसी लावण्याचा मोह होईल. बीड दुरुस्त होते, रंगते आणि दीर्घकाळ टिकते. त्याची खोड एकच, भिंतीला चिकटून बसवला की पाठीमागची बाजू कधीच रंगली जात नाही आणि तिथूनच तो कुजतो. कड्यांना दगड सोडून पुढे आणा, पाईप आणि भिंत यांच्यात निदान 30-40 मिलिमीटर अंतर ठेवा. गळका सांधा आतून दिसत नाही, पण बाहेर त्या उंचीवर शेवाळाची हिरवी जीभ दिसते. पावसाळ्यात इमारतीभोवती एक फेरी मारून अशा जिभांचे फोटो काढले की निम्मे निदान तिथेच होते.

छज्जे आणि आडव्या दगडी पट्ट्या शोभेसाठी आहेत असे समजून त्यांच्याकडे दुर्लक्ष होते. त्यांचे काम ओघळ भिंतीपासून तोडणे. त्यांच्या खालच्या बाजूला बारीक खाच असते. पाणी तिथपर्यंत येऊन गळून पडते. रंगाचे थर किंवा सिमेंट भरून ती खाच बुजली की पाणी सरळ भिंतीवर जाते. पाथरवटाकडून ती मोकळी करून घ्यायला फारसा खर्च येत नाही. पट्टीच्या वरच्या बाजूला मात्र बाहेर उतार देणारा चुन्याचा वाटा (कोपऱ्यात दाबून भरलेली तिरपी पट्टी) हवा.

भिंतीत उगवलेला पिंपळ ओढून काढू नका. मुळांबरोबर दगड येतात. खोड बुंध्याशी कापा, ताज्या कापावर लगेच मूळ मारणारे औषध लावा, कोंब आले की पुन्हा लावा, आणि मूळ मेल्यावरच दगड हलवून ते काढा व पोकळी चुन्याने भरा. नुसते दरवर्षी वरून छाटले तर आतले मूळ जाड होत जाते.

आता दरजा. सिमेंट काढताना ग्राइंडर वापरू देऊ नका. चकती दरजेबाहेर घसरली की दगडाची कड कायमची जाते आणि दरज रुंद दिसू लागते. अरुंद टाकी आणि हातोडीने, मधून सुरुवात करून कडेकडे येत काढावी. सिमेंट दगडाला घट्ट धरून बसले असेल आणि काढताना कड तुटत असेल तर तेवढा भाग तसाच सोडा. नैसर्गिकरीत्या सुटेल तेव्हा काढू. सिमेंट काढण्याची खोली दरजेच्या रुंदीच्या दुप्पट ते अडीचपट, किमान 20-25 मिलिमीटर. याहून उथळ भरलेला चुना एका पावसाळ्यात पापडीसारखा सुटतो. चौकोनी तळ काढा, इंग्रजी व्ही अक्षरासारखा नको.

जुन्या चुन्याचा एक तुकडा खोलातून घ्या, पृष्ठभागावरचा नव्हे. वाळवून वजन करा, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवा, उरलेली रेती धुऊन, वाळवून, चाळून मोजा. प्रमाण, रेतीची जाडी आणि रंग तिन्ही कळतात. एक सावधानता: जुन्या चुन्यात कंकराचे (जमिनीत सापडणाऱ्या चुनखडीच्या खड्यांचे) किंवा शिंपल्याचे कण असतील तर तेही विरघळतात आणि चुना प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतो. म्हणून आम्लात टाकण्याआधी भिंगातून पाहून घ्या. देशावरचा जुना चुना बऱ्याचदा कंकराचा असे आणि त्यात चिकणमातीचा अंश असल्याने तो पाण्यातही थोडाफार घट्ट होई. ही गोष्ट नवा चुना निवडताना कामाची आहे.

नव्या चुन्यासाठी दोन मार्ग. पहिला, कळीचा चुना विझवून केलेला मुरलेला चुना. कळी पाण्यात टाकावी, कळीवर पाणी ओतू नये. पाणी उकळते आणि शिंतोडे उडतात, म्हणून चष्मा आणि हातमोजे सक्तीचे. जाळीतून गाळून, वर पाणी ठेवून निदान महिनाभर मुरू द्यावा. तीन महिने मिळाले तर उत्तम. न विझलेला कण राहिला तर तो भिंतीत गेल्यावर विझतो, फुगतो आणि छोटा खड्डा उडवतो. त्यात सुरखी (विटेची भुकटी) घातली की तो दमट जागीही घट्ट होतो: काळ्या दगडाच्या दरजेला एक भाग चुना, एक भाग सुरखी, दीड ते दोन भाग रेती हे चालणारे प्रमाण आहे, पण आधी नमुना करून पाहा. सुरखी कमी तापमानाला भाजलेल्या विटेची हवी. काळ्या पडलेल्या जळक्या विटेची भुकटी म्हणजे नुसती लाल रेती. दुसरा मार्ग, पोत्यात मिळणारा नैसर्गिक जलीय, म्हणजे पाण्यातही घट्ट होणारा चुना. त्याच्या 2, 3.5 आणि 5 अशा प्रती असतात. आकडा म्हणजे 28 दिवसांनंतरची किमान ताकद, दर चौरस मिलिमीटरला इतके न्यूटन. बसाल्टच्या दरजांना 3.5 पुरतो, पोरबंदरीसारख्या मऊ दगडाला 2 किंवा नुसता मुरलेला चुना. जास्त ताकद म्हणजे जास्त चांगले हा हिशोब इथे उलटा लागतो. दरज दगडापेक्षा मऊच हवी, कारण दहा-वीस वर्षांनी दरज पुन्हा भरता येते, दगड नाही.

गूळ, हिरडा, बेलफळाचे पाणी यांबद्दल लोक आग्रहाने विचारतात. पारंपरिक कामात ते वापरले जात आणि प्रमाणात घातले तर चुन्याची लवचिकता व पाणी धरण्याची ताकद सुधारते. पण गूळ जास्त झाला की बुरशी आणि मुंग्या. रेती, मुरण्याचा काळ आणि ओलावा ठेवणे या तीन गोष्टी चुकल्या तर कुठलाही काढा कामाला येत नाही.

रेती टोकदार कणांची, धुतलेली. सर्वांत मोठा कण दरजेच्या रुंदीच्या एक तृतीयांशाहून मोठा नको. खाडीची रेती अजिबात नको, तिच्यातले मीठ तुम्ही स्वतःच्या हाताने भिंतीत भरता. दगडाची कृत्रिम रेती वापरावी लागलीच तर तिची बारीक भुकटी धुऊन काढा, नाहीतर दरज आकसून भेगाळते.

किती लागेल? समजा थराची उंची 200 मिलिमीटर, दगडांची लांबी सरासरी 300, दरज 10 मिलिमीटर रुंद आणि 25 खोल. एका चौरस मीटरमध्ये आडव्या दरजा 5 मीटर, उभ्या सुमारे 3.3 मीटर, दोन्ही मिळून 8.3 मीटर. म्हणजे सुमारे 2.1 लिटर चुना. वाकड्या दरजा, सांडणे आणि खोल गेलेल्या पोकळ्या धरून 3 लिटर समजा. 100 चौरस मीटरला 300 लिटर. सुरखीविना एकास अडीच प्रमाण असेल तर रेतीही साधारण 300 लिटरच लागते आणि मुरलेला चुना 120 लिटर, कारण चुना रेतीच्या पोकळीत बसतो, आकारमान फारसे वाढवत नाही. कंत्राटदाराचे बिल या हिशोबाच्या निम्म्या चुन्यावर उरकले असेल तर दरज वरवर फासली आहे असे खुशाल समजा.

भरण्याआधी दरज हवेच्या झोताने किंवा कुंचल्याने साफ करा, आदल्या दिवशी आणि भरण्याआधी तासभर पाणी मारा. दगड ओलसर हवा, पाणी निथळते नको. बसाल्ट पाणी पीत नाही, म्हणून जादा पाणी दरजेतच साचते. चुना घट्टसर ठेवा, अरुंद थापीने दोन थरांत दाबून भरा. दगडाच्या पृष्ठभागापेक्षा किंचित आत ठेवा. फुगीर पट्टी काढून तिला रेघा मारणे ही सिमेंटवाल्यांची हौस आहे, ती पट्टी पाणी अडवते. सुकू लागल्यावर ताठ केसांच्या ब्रशाने ठोका. त्याने वरचा साका निघतो, रेतीचे कण उघडे पडतात आणि दरज श्वास घेते. त्यानंतर ओल्या गोणपाटाने किमान 7 दिवस, उन्हाळ्यात 14 दिवस झाकून ठेवा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पक्का होतो आणि त्यासाठी त्याला थोडा ओलावा लागतो. हे खोलवर जायला महिन्याला सुमारे एक मिलिमीटर एवढाच वेग असतो. म्हणून काम ऑक्टोबर ते फेब्रुवारीत उरका. एप्रिल-मेमध्ये घाईने भरलेली दरज जूनच्या पहिल्या पावसात धुऊन निघते, आणि मग ‘चुना टिकत नाही’ असा शेरा फाइलवर पडतो. दोष हंगामाचा असतो.

भिंत ठोकल्यावर पोकळ वाजत असेल तर दरजा भरून भागणार नाही. भरीत चुन्याचा पातळ रस भरावा लागेल. दरजांमध्येच, दगडात नव्हे, 450 ते 600 मिलिमीटरवर तिरपी पेरलेली छिद्रे. आधी पाणी सोडून आतली धूळ धुवा. रस खालून वर, नुसत्या उंचीच्या दाबाने किंवा दर चौरस सेंटिमीटरला 1 किलोपेक्षा कमी दाबाने. जास्त दाबाने दर्शनी थरच पुढे ढकलला जातो. एका दिवसात मीटरभर उंचीपेक्षा जास्त चढू नका. सिमेंटचा रस भरणे म्हणजे भिंतीच्या पोटात कधीही न निघणारा दगड घालणे आणि वर क्षारांची भर.

कोरीव दगडाला पडलेली चीर पाहाल तेव्हा आत लोखंडी खीळ आहे का ते तपासा. त्या काळी दगडांना जोडायला लोखंडी चिमटे शिसे ओतून बसवत. शिसे सैल झाले की पाणी लोखंडाला लागते, गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा मागतो आणि दगड फुटतो. बाहेरून एपॉक्सी भरून काही साधत नाही. दगड सोडवून खीळ काढायची, 316 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची नवी खीळ चुन्यात बसवायची, आणि तोच दगड परत लावायचा. उच्च न्यायालयाच्या खांबांवर डोळ्याला पट्टी बांधलेल्या माकडाच्या हातात तराजू असलेले शिल्प प्रसिद्ध आहे; त्यामागे खटला हरलेल्या कंत्राटदाराची दंतकथा सांगतात. कथा खरी असो नसो, असा एक दगड फुटला तर तो बाजारातून आणता येत नाही, एवढे नक्की.

दगडाच्या सफाईत आम्ल वर्ज्य. पोरबंदरी दगड चुनखडक असल्याने आम्ल त्यालाच खाते. त्यावरचा काळा थर बहुतांशी काजळी धरलेला जिप्सम असतो आणि जिप्सम पाण्यात थोडा विरघळतो, म्हणून बारीक तुषार काही तास सोडून मऊ कुंचल्याने तो निघतो. ऑइलपेंट काढायला लेपाची पद्धत वापरा, वाळूचा मारा नको. बसाल्टला पाणी आणि ब्रश पुरतो. वर चकाकणारा पारदर्शक लेप मारण्याची सूचना नक्की येईल, नाकारा.

आतल्या बाजूला सिमेंटचा गिलावा डागाच्या कडेपासून निदान अर्धा मीटर पुढेपर्यंत काढा, भिंत एक उन्हाळा उघडी ठेवा, बाहेर येणारा लोणा कोरड्या ब्रशाने झाडून पोत्यात भरून बाहेर न्या. पाण्याने धुतला तर तो परत आत जातो. मग चुन्याचा गिलावा आणि चुन्याचाच हात. पहिली दोन वर्षे थोडा लोणा येत राहील. भिंत वर्षानुवर्षे साठवलेले बाहेर टाकते आहे. घाबरून ऑइलपेंट लावू नका.

जोत्यापाशी बहुतेक कचेऱ्यांचा एकच घोटाळा: रस्ता आणि आवार दर डांबरीकरणात वर आले, जोत्यातल्या हवेच्या जाळ्या बुजल्या आणि भिंतीला लागून सिमेंटचे फरसबंदी कोबे झाले. जमिनीतल्या वाफेला मग भिंतीखेरीज वाट उरत नाही. भिंतीलगतचा 600 ते 900 मिलिमीटर रुंदीचा पट्टा उकरून खडी भरा, तळाला भिंतीपासून दूर उतार द्या आणि जाळ्या मोकळ्या करा. पायापेक्षा खोल मात्र जाऊ नका.

दोन गोष्टी सरकारी वापरातून येतात आणि त्यांचा ओलीशी थेट संबंध आहे. पहिली, व्हरांडे बंद करणे. जुन्या सचिवालयाचे पश्चिमेचे कमानदार व्हरांडे ऊन आणि तिरपा पाऊस खोलीच्या भिंतीपर्यंत येऊ देत नाहीत. असा व्हरांडा अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांनी बंद करून तिथे टेबले मांडली की वारा थांबतो, कमानीची आतली बाजू वाळत नाही आणि एसीचे पाणी वर आणखी. दुसरी, फाइली. रचून ठेवलेल्या कागदाचे वजन फटी धरूनही घनमीटरला 500-600 किलो भरते. दोन मीटर उंच, 40 सेंटिमीटर खोल मांडणीत दर मीटर लांबीला सुमारे 450 किलो होतात, तेही अर्ध्या चौरस मीटरपेक्षा कमी जागेवर. आजच्या भारतीय मानकात कचेरीच्या मजल्याला दर चौरस मीटरला 2.5 ते 4 किलोन्यूटन आणि फाइलींच्या खोलीला 5 धरतात. लाकडी तुळयांचा जुना मजला यासाठी केलेला नाही. त्यातच तुळईचे भिंतीत गेलेले टोक ओल्या भरीत कुजलेले असते. मधला भाग कितीही ठणठणीत दिसला तरी टोकापासून 300 मिलिमीटरवर सुई टोचून पाहा. सहज आत गेली तर त्या खोलीतल्या मांडण्या आजच तळमजल्यावर हलवा. कुजलेले टोक कापून नवे सागवान पोलादी पट्ट्यांनी जोडता येते, अख्खी तुळई बदलावी लागत नाही. टोकाभोवती हवा खेळायला जागा ठेवा आणि ते पुन्हा सिमेंटमध्ये पुरू नका.

लाकूडकामाबद्दल एवढा आग्रह का, याचे उत्तर उच्च न्यायालयाच्या मधल्या दालनात आहे. गडद, पॉलिश केलेल्या सागाच्या चौकटींचे छत आणि तीन बाजूंनी फिरणारा कोरीव सागवानी सज्जा. याच दालनात 1908मध्ये लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला आणि तिथे त्यांच्या शब्दांची पाटी 1956पासून आहे. वरच्या पन्हळीत एक गळती राहिली तर पहिला घाव अशा छतावर बसतो.

कागदपत्रांचे शेवटी. वारसा यादीत इमारत असेल तर संबंधित समितीची परवानगी काम निघण्याआधी घ्या. दरसूचीत (सरकारी कामांच्या दरांच्या यादीत) चुन्याच्या बाबी नसतील तर दरपृथक्करण (दर कसा आला याचा हिशोब) जोडून स्वतंत्र बाबी मंजूर करून घ्या: सिमेंट हाताने काढणे प्रति चौरस मीटर, चुना मुरवणे, दरजा भरणे, ओले गोणपाट. ‘दरजा भरणे’ एवढीच एक ओळ राहिली तर सिमेंटच येणार. निविदेत एक चौरस मीटरचा नमुना भाग करून तो मंजूर झाल्यावरच पुढचे काम, अशी अट घाला, आणि तो नमुना उत्तर किंवा पश्चिमेच्या सगळ्यात वाईट भिंतीवर करून घ्या. दोषदायित्वाचा (कंत्राटदाराने दोष स्वखर्चाने दुरुस्त करून देण्याचा) काळ निदान दोन पूर्ण पावसाळे ठेवा, आणि अनामत सोडण्याआधी दुसऱ्या पावसाळ्यानंतरच्या ऑक्टोबरात पेन्सिलीच्या त्याच रेघांशी डाग ताडून पाहा.